बोट धरून आलेला

३ जुलै, बुधवार

आज सहाच. सातवा कुठं गेला?

सकाळपासून तीनदा मोजले. लिंबोणीखाली, गोठ्याच्या कडेला, हौदावर — सहाच! मांजरानं धरला असणार. काल मी मांजराला हाकलायला हवं होतं. उठलोच नाही.

दुपारी आला. उजवा पाय वर धरतो तो — लंगडा. इतका वेळ कुठं होता कोण जाणे. मग मी भाकरी खाल्ली.

ही कारखान्याची डायरी सूनबाईनं दिली. स्नेहल शाळेत विज्ञान शिकवते, बोलण्यात कुणाला ऐकत नाही. कालव्याच्या कडेवरून घसरून माझा घोटा मुरगळला, तेव्हापासून माझ्या मुलानं, रविराजनं, ओट्याखाली उतरायला बंदी केली आहे. बसल्या बसल्या मी सगळ्यांना हाका मारतो. मोटर बंद केली का, गाईला पाणी दाखवलं का, पोरगा अजून का आला नाही. तिला वैताग आला. म्हणाली, "आबा, नुसता घोर लावून घेण्यापेक्षा ते सातभाई बघा आणि लिहा. कोण पिल्लांना भरवतं तेवढं लिहा. मी वर्गात सांगीन."

तिला हवं ते वेगळ्या कागदावर उतरवून देईन. हे माझं.

चौथी पास आहे. अक्षर एकेकाळी बरं होतं.

५ जुलै, शुक्रवार

घरटं लिंबोणीच्या बेचक्यात आहे, काट्यांत. ओट्यावरून सरळ दिसतं.

सातही जण भरवतात! मला वाटलं होतं, आई-बाप भरवत असतील आणि बाकीचे नुसते कलकलाट करायला. तसं नाही. लंगडासुद्धा अळी घेऊन येतो. एकाची चोच आत असली की दुसरा फांदीवर थांबतो. रेशनच्या दुकानात इतकी शिस्त नसते.

रात्रीच्या जेवणाला हे सांगितलं. स्नेहल म्हणाली, "सगळे भाऊ नसतात, आबा. बहिणी असतात, मागच्या विणीची पोरं असतात. मोठी झाली तरी आई-बापाला सोडत नाहीत, धाकट्यांना भरवत बसतात. काहींचं स्वतःचं घरटं राहूनच जातं."

"मग सातभाई का म्हणायचं?"

"ते आपण म्हणतो. त्यांना कुठं माहीत आहे?"

रविराज म्हणाला, "सात भाऊ आन् एका जागी? त्यांच्यात तलाठी नसंल!"

सगळे हसले. मी पण हसलो. अर्धी भाकरी ताटात ठेवली. पाणी पिऊन उठलो.

७ जुलै, रविवार

मांजर आलं. दगड मारला. बादली फुटली. मांजर बसूनच होतं.

११ जुलै, गुरुवार

घरट्यात एकच पिल्लू आहे. पण केवढं! लंगड्यापेक्षा मोठं दिसतं. तोंड उघडलं की सगळं तोंडच. दिवसभर ओरडतं.

संध्याकाळी स्नेहलनं मोबाइल काठीला बांधून वर धरला आणि आतलं चित्र काढलं. मोठं करून बघितलं. म्हणाली, "आबा, हे सातभाईचं नाही. छातीवर रेघा बघा. पावशाचं आहे. पावशाची मादी ह्यांच्या घरट्यात अंडं टाकून जाते."

"आन् ह्यांची अंडी?"

"नसतील राहिली."

माझ्या अंगाचा भडका उडाला. सात जण राबतात, पायानं अधू असलेला राबतो, आणि कुणासाठी? म्हणालो, "अगं, पण ते त्यांच्यातलं न्हाईच!"

 तिला काही कळलं नाही. ती चहा टाकायला गेली.

हे वाक्य मी पूर्वी एकदा बोललेलो आहे. शब्द जवळपास हेच होते.

१२ जुलै, शुक्रवार

लिहून टाकतो. माझी बायको साखरबाई होती तेव्हा तिलाही सगळं सांगितलं नव्हतं.

मला एक भाऊ आहे. हौशीराम. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा. आईचा पहिला नवरा गेला आणि तिचा आमच्या बाशी पाट लावला, तेव्हा हौशीराम तिचं बोट धरून ह्या वस्तीवर आला. मी नंतरचा. लग्नानंतर सातव्या महिन्यातच झालो. म्हणूनच जीव भित्रा राहिला, असं आई सांगायची. "सातव्या महिन्यातलं पोर, ह्याला रागवायचं न्हाई." हौशीदादा हे ऐकून नुसता हसायचा.

तेव्हा आमची मेंढरं होती. दादा बाबरोबर मेंढरांमागं जायचा. मला खांद्यावर घ्यायचा. पागोट्याच्या टोकात बोरं बांधून आणायचा. सातभाई पहिल्यांदा त्यानंच दाखवले. "सगळी एकदम वरडली की समजायचं, खाली साप हाय. एकटं कुणी वरडत न्हाई, तात्या." त्याला शाळा नाही मिळाली. मला चौथीपर्यंत मिळाली, कारण मेंढरांमागं तो होता. मेंढरं विकून बागायत केली, ती विहीर बा आणि तो, दोघांनी खणली. मी वरून पाटी ओढायचो, तीही निम्मी सांडायचो.

बा गेला त्या साली वारसनोंदीला चावडीत गेलो. दादा दाराशी उभा होता, पागोटं हातात. तलाठ्यानं विचारलं, वारस किती? मी म्हणालो, मी आन् आई. त्यानं दाराकडं मान केली. "हा कोण?"

मी म्हणालो, "त्यो आमच्यातला न्हाई, साहेब. आईचं बोट धरून आलाय."

कायद्यानं बरोबरच होतं. मागाहून वकिलालासुद्धा विचारलं. बरोबरच होतं. पण मी कायदा विचारून बोललो नव्हतो. आधीच्या आठवड्यात दोघातिघांनी कानाला लागून सांगितलं होतं — तो थोरला, सगळं त्याच्याच हाताखाली जाईल, तू राहशील गड्यासारखा. भ्यालो. भिऊन बोललो.

दादा माझ्या पायांकडं बघत होता. मग तलाठ्याला म्हणाला, "व्हय साहेब. बरोबर हाय." आणि मला म्हणाला, "तात्या, अंगठा नगं लावू. सही कर. शिकलायस नव्हं?"

सही केली. अक्षर वळणदार आलं. ह्याचंच वाईट वाटतं.

घरी आलो तर आईनं विचारलं, "हौशा काय म्हणाला?" मी म्हणालो, बरोबर हाय म्हणाला. आईनं त्या दिवशी चूल पेटवली नाही.

आठ दिवसांत तो बायको-पोराला घेऊन रांजणगावच्या बाजूला गेला. कुणाच्या तरी शेतावर सालगडी म्हणून राहिला. आई गेली तेव्हा आला. दोघांनी शेजारी बसून डोकी भादरून घेतली. तेव्हा तरी बोलायचं! म्हटलं, दहाव्याला बोलू. दहाव्याला म्हटलं, तेराव्याला. तेराव्याला सकाळच्या एसटीनंच गेला.

१६ जुलै, मंगळवार

विक्रमचा फोन. हौशीदादाचा मुलगा, कंपनीत आहे.

"काका, बापूचं काय खरं न्हाई. फुप्फुसं गेल्यात म्हणत्यात डॉक्टर. घरीच आणलंय. दोन-चारदा ईचारलं त्यांनी, तात्या आला का म्हणून. म्हटलं, सांगावं."

मी म्हणालो, येतो. पाय बरा झाला की येतो.

पाय गेल्या आठवड्यातच बरा झाला आहे.

१७ जुलै, बुधवार

रविराजला सांगितलं. तो म्हणाला, "चाळीस वर्सं आठवण न्हाई आली, आत्ताच बरी आली? आबा, तुमी भोळं. तिथं कुणी कागद पुढं केला तर सही कराल." मी म्हणालो, कसला कागद? तो म्हणाला, "त्येच तर."

वाईट पोरगा नाही. माझ्यासारखाच घाबरतो.

२० जुलै, शनिवार

तीन दिवस रविराज माझ्याशी बोलत नव्हता. आज ओट्यावर येऊन उभाच राहिला. "आबा, सातबाऱ्यावर कुणाची नोंद करताय?"

मला काही कळेना. "कसला सातबारा?"

"मला वाचाया येतं! डायरीवर लिवलंय मोठ्या अक्षरात — सातबारा, नोंद!"

डायरी आणली. वर मी लिहिलेलं आहे, 'सातभाई — नोंद'. माझा भ आणि ब सारखाच निघतो आणि पुढचं चहा सांडून पुसलं गेलेलं. स्नेहलनं बघितलं आणि भिंतीला टेकून हसायला लागली. पहिलं पान उघडून नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवलं — "दुपारी आला. उजवा पाय वर धरतो तो — लंगडा." मग मला म्हणाली, "आबा, लंगड्याच्या नावावर किती गुंठे केले?"

रविराज पण हसला. कान लाल झाले होते त्याचे. मी पटकन डायरी मिटली. तिनं आणखी चार पानं उलटली असती तर!

आता ती पेटीत ठेवतो, सदऱ्यांखाली.

२३ जुलै, मंगळवार

आज मी वाईट वागलो.

घरी कुणी नव्हतं. ते पिल्लू ओरडत होतं. लंगडा सातव्यांदा का आठव्यांदा आला, आणि मला सहन होईना. स्टूल घेतलं. लिंबोणीखाली ठेवलं. काठीनं घरटं कलतं करायचं एवढंच. पिल्लू खाली पडेल, मांजर बघून घेईल, ही गरीब पाखरं सुटतील. असा विचार केला.

काठी लावली मात्र — सातही! कुठून आले कळलं नाही. कानाशी कलकलाट, पंख तोंडावर. एकानं टोपी उडवली. एक मनगटावर टोचून गेला. लंगडा तर फांदीवर, माझ्या नाकापासून वितीवर, पंख पसरून उभा. मागं सरला नाही. त्याचा डोळा पांढरा, रागीट. मी स्टुलावरून कसाबसा उतरलो.

साप दिसला की असे ओरडतात, दादा म्हणायचा. सगळे एकदम.

स्नेहल आली. मनगटावरचं रक्त बघितलं. "काय झालं?" मी म्हणालो, मांजर.

हे वय झालं आणि अजून खोटं बोलतो.

२४ जुलै, बुधवार

टोपी लिंबोणीत अडकून आहे. काढायची हिंमत नाही.

२९ जुलै, सोमवार

पिल्लू घरट्याबाहेर आलं. तारेवर बसतं. आता लपायला जागाच नाही, साफ वेगळं दिसतं. शेपटी लांब, छातीवर रेघा. सातभाईंच्या मधोमध बसलं तर पाहुणा आलाय असं वाटतं. तरी भरवतातच. रात्री झोपताना फांदीवर एकमेकांना खेटून बसतात. त्याला मधे घेतात.

स्नेहलला विचारलं, "ह्यांना कळत न्हाई?"

"फसतात, आबा. उघडं तोंड दिसलं की भरवायचं, एवढंच त्यांना कळतं."

"कळत असंल. कळून बी भरवत असतील."

"तसं पुस्तकात नाही," ती म्हणाली. मग माझ्याकडं बघितलं. "आबा, रांजणगावला कधी जाताय?"

तिनं डायरी वाचली का काय! पेटी तपासली. सदरे होते तसेच होते. बहुतेक तोंडावरच दिसत असेल.

२ ऑगस्ट, शुक्रवार

विक्रमचा फोन आला होता. मी गोठ्यात असल्याचं सांगायला लावलं. ओट्यावरच होतो.

दादानं दाराबाहेर काढलं तर? नाही काढलं तर जास्त वाईट. काय तोंडानं बसायचं?

८ ऑगस्ट, गुरुवार

उद्या नागपंचमी. आज स्नेहलचा भावाचा उपवास. सकाळी चहासोबत तिनं माझ्यापुढं भाकरी ठेवली. मी ताट सरकवलं. म्हणालो, माझा पण उपवास हाय.

"आज? कसला?"

"भावाचा."

"आबा, तो बायका करतात!"

"पुरुषांनी करू नये असं कुठं लिवलंय?"

तिला हसू आलं होतं. पण हसली नाही. थोड्या वेळानं दोघांसाठी भगर केली. रविराज आला, दोन ताटं सारखी बघितली. "हे काय?" ती म्हणाली, "आम्हा दोघांचा भावाचा उपवास आहे. आबा उद्या भावाकडं जाणार आहेत." मी असं काही बोललोच नव्हतो!

रविराज हात धुवायला गेला.

भगर पित्ताला वाईट. दुपारभर जळजळ. तरी सोडला नाही.

९ ऑगस्ट, शुक्रवार (रांजणगाव)

सकाळी रविराजनं गाडी काढली. मला वाटलं, शेतावर निघाला. म्हणाला, "बसा. स्टँडपर्यंत सोडतो."  एसटीत चढताना फक्त म्हणाला, "कुठं सही करू नका." मग खिडकीशी आला आणि पाण्याची बाटली दिली. "मोठ्या काकाला माझा नमस्कार सांगा."

मोठा काका म्हणाला! कुणी शिकवलं नव्हतं.

न्हावऱ्याला उतरून जीपनं आलो. रस्त्यावर कंपनीच्या बसच बस. विक्रम शिफ्ट संपवून थांबला होता, तो घेऊन गेला. दोन खोल्या, वर पत्रा. दादा कॉटवर, उशांना टेकवून बसवलेला. केवढा लहान झाला आहे! मला खांद्यावर घ्यायचा तो खांदा नुसतं हाड.

मला बघून पहिलं बोलला ते, "तात्या. जेवलास का?"

 विक्रमच्या बायकोनं पुरणाचे दिंड पुढं ठेवले. तो बघत होता म्हणून खाल्ले. मग माणसं हलल्यावर म्हणालो, "दादा, त्या दिवशी चावडीत —"

"त्याचं काय आता. दम लागतो मला. तू बोल कायतरी दुसरं."

दुसरं काय बोलणार? सातभाईंचं सांगितलं. लंगडा, पावशाचं पिल्लू, स्टूल, टोपी — सगळं. काठी लावली तेही सांगितलं. टोपी अजून लिंबोणीत आहे म्हटल्यावर तो इतका हसला की ढास लागली, विक्रम धावत आला.

"भित्रा तो भित्राच राहिला," दादा म्हणाला. "सातव्या महिन्यातला!" आणि परत हसला.

मी म्हणालो, घरी चल. लिंबोणीखाली कॉट टाकतो. रविराजनंही तुला नमस्कार सांगितलाय. तो पत्र्याकडं बघत राहिला. म्हणाला, "ऱ्हा दोन दिस. निवांत बोलू."

१० ऑगस्ट, शनिवार

दिवसभर त्याला झोपच. मी उशाशी बसून होतो. एकदा डोळे उघडून म्हणाला, विहिरीला पाणी हाय का? हाय म्हटलं. परत झोपला.

११ ऑगस्ट, रविवार

सकाळी तो हुशार होता. खोलीत दोघंच. मी शेवटी बोललोच — दादा, तू बोट धरून आलास हे मी बोलायला नको होतं.

तो म्हणाला, "खोटं कुठं बोललास? आलोच की बोट धरून." जरा दम घेतला. "आन् तू पोटात बसून आलास. आपला बाप गेला तवाच आईला दुसरा म्हयना व्हता. हितल्या बाला ठावं व्हतं. त्यानंच मला बजावलं व्हतं, धाकल्याला कळू द्यायचं न्हाई."

'माझा बाप' म्हणाला नाही. आपला म्हणाला.

चावडीच्या दारात पागोटं हातात धरून उभा होता, तेव्हाही त्याला हे ठाऊक होतं.